फिल्टरवरची पांढरी रेघ

जिवली : अवो, फोन ठेवू नका, ऐका आधी! टेम्पोतला तेलाच्या दाबाचा काटा पार खाली बसलाय.

विश्राम : इंजिन बंद कर. आधी चावी फिरव, मग बोल.

जिवली : केलं कवाच. बेटेगावजवळ उभी हाय. मागं बर्फात मासळी हाय, बोईसरचा बाजार माझ्यासाठी थांबणार नाय.

विश्राम : मग तुझ्या मनीषला कर की फोन! बसलाय ना बोईसरला गॅरेज थाटून. इंजिनापेक्षा त्याच्या केसांत तेल जास्त.

जिवली : नवऱ्याला केलाय. सांगा काय बघू.

विश्राम : आता नवरा आठवला! घरात इंजिनवाला असताना काल त्याच्याकडं का गेलीस?

जिवली : तुमची बोटीची गोष्ट संपेस्तोवर नवं तेल जुनं होतं, म्हणून.

विश्राम : गोष्ट नाय ती! बोटीवर काटा कुठं होता? दातिवऱ्यासमोर भर समुद्रात मी इंजिनाला नुसती हाक मारायचो, तेल आपोआप वर चढायचं. मासे जाळ्यातून डोकं काढून बघायचे.

जिवली : हितले मासे मेलेत. काय करू?

विश्राम : तेल खाली उतरलं असेल आता. तेल मोजायची पट्टी काढ, पुसून परत घाल, मग बघ. आणि तेल बदलायला काल एवढा वेळ? घाण्यावर काढत होता का?

जिवली : तेल बदललं, फिल्टर बदलला, चहा प्यालो.

विश्राम : चहा! आणि पापलेट? शेजारच्या रंभाबाईनं सांगितलं मला. काल दोन मोठी पापलेटं तू बाजूला काढलीस, विकली नायस. मी सातपाटीत बसून मांदेली चावतो आणि पापलेट जातं बोईसरला!

जिवली : पट्टी कोरडी हाय. टोकाला नुसता थेंब.

विश्राम : म्हणजे काटा खरं बोलतोय. वाक खाली. गळतंय कुठं?

जिवली : फिल्टरच्या कडेनं. सगळं काळं झालंय.

विश्राम : नीट बसवलाच नाय त्यानं! लक्ष कुठं होतं त्याचं, मला ठाव हाय. आज येऊ दे समोर, त्याच फिल्टरनं...

जिवली : थांबा जरा. काल फिल्टर बसवल्यावर त्यानं पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली, अर्धी फिल्टरवर, अर्धी इंजिनावर. म्हणाला, ताई, रेघ जुळलेली असली की समजायचं, कोणी हात लावला नाय.

विश्राम : मग?

जिवली : जुळत नाय.





विश्राम : पहाटे खोलला मी. परक्यानं आवळलेला फिल्टर, माझ्या दारातल्या गाडीत... झोपच लागेना. परत माझ्या हातानं बसवला. अंधारात रबर दुमडलं असणार.

जिवली : इंजिन जाम झालं असतं म्हणजे? घर चालतंय ते ह्याच टेम्पोवर!

विश्राम : नवा फिल्टर, तेलाचा डबा, पाना घेऊन निघतो. तू चालू करू नको. आणि... मासळी खराब व्हायची. मनीषला बोलाव. तो जवळ हाय.

जिवली : नको. तुमीच या. बर्फ भरपूर घातलाय मी.

विश्राम : बरं. जिवले, ते पापलेट...

जिवली : मनीष माळकरी हाय. माझ्या टेम्पोचं काम नाकाला रुमाल बांधून करतो.

विश्राम : मग दिलंस कोणाला?

जिवली : काल रात्री रागानं मान खाली घालून जेवलात ना? ताटात काय होतं, बघितलं तरी का?