अगदी सहज वाक्य

कुरुंदवाडच्या एसटीत पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या हातातला फोन तिला इंग्रजी शिकवत होता. निवृत्त इंग्रजी शिक्षिका निर्मलाबाई मागून ऐकत होत्या.

“‘डिड अ मिस्टेक’ नाही, ‘मेड अ मिस्टेक’ म्हणा. आता तुमचं वाक्य.”

“माय फादर मेड अ मिस्टेक. आय ॲम नॉट हॅपी हिअर.”

“शाब्बास! अगदी सहज वाक्य.”

“काय म्हणालीस गं?”

“वडलांनी चांगलं घर बघून दिलं, असं म्हटलं, आत्ती.”

“दिलंच की!” सासू कौतुकानं मागं वळली. “ऐकलासा? तुमास्नी कळतंय काय हो इंग्रजी?”

सूनही वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“न्हाय हो,” निर्मलाबाई म्हणाल्या, “मला कुठलं कळतंय?”