पोटरीवरचा टॅटू

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलेल्या बाईंनी तोंडासमोर मासिक धरलं होतं, पण कान शेजारच्या बाकावरच्या सासरे-जावयाकडेच होते. जावयाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

“आज प्लास्टर कापणार ना, जावईबापू?”

“हो. त्याआधी एक सांगायचंय, बाबा. आत पोटरीवर टॅटू आहे. बुद्धांचा चेहरा. लग्नाच्या आधीचा.”

“भगवान बुद्ध. पायावर.”

“तेव्हा अक्कल नव्हती. मनाला शांती मिळेल म्हणून काढला.”

“मिळाली?”

“तुमच्याकडे यायला लागल्यापासून नाही. भर उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत मोजे घालून बसतो.”

“माहीत आहे.”

“मोज्यांचं?”

“टॅटूचं. तुम्ही पडलात तेव्हा डॉक्टरांनी पँट कापली, ती माझ्यासमोरच.”

“आणि सहा आठवडे तुम्ही चकार शब्द काढला नाहीत? उलट रोज स्वतःच्या हातानं माझा पाय उशांवर ठेवत होतात. डॉक्टरांनी तर एकच उशी सांगितली होती, तुम्ही तीन ठेवायचात.”

“एका उशीत भगवान तुमच्या डोक्याच्या वर येत नव्हते.”