जाहिरातीतली लाल मिरची

आम्ही मूळचे जळगावकडचे. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, ते घालणं आईकडून आलं, आंबवलेलं पीठ शिजवायचं, ओल्या कापडावर थापायचं, आणि आता मुलुंडला सोसायटीच्या गच्चीवर मी तेच करते, सेक्रेटरी कुरकुरतो, मी त्याला गप्प करते. तोंड माझं पहिल्यापासून तिखट. धाकटी बहीण लता मला मिरचीताई म्हणायची, तिचा मेसेज म्हणजे शब्द कमी आणि लाल मिरच्यांची चित्रंच जास्त, जेवलीस का विचारायला मिरची, रुसली तरी मिरची.

काय सांगू तुम्हाला, आई शेवटची आजारी पडली तेव्हा लताची पुण्यात परीक्षा चालू होती. मी कळवलं नाही. वाटलं पेपर होऊ दे, आई कुठे जातेय, आणि आई गेलीच. लता आली, म्हणाली, हे ठरवणारी तू कोण? तेव्हा गप्प बसावं ना मी, पण नाही, उलटून म्हटलं, आईचं करायला मी होते, तू कुठे होतीस? वाट लागली तिथेच. ती निघून गेली, नंबर बदलला, चार वर्षं झाली.

मग समोरच्या बिल्डिंगमधली पूर्वा, अंधेरीला जाहिरातींच्या ऑफिसात असते, ती म्हणाली, काकू, नेटवर कुणी बिबड्या शोधल्या की वर तुमची जाहिरात दिसेल असं करू. माझ्या डोक्यात एकच आलं. लता कुठेही असो, बिबड्या शोधणारच. म्हटलं, जाहिरातीत लाल मिरची टाक, म्हणजे तिला कळेल मीच आहे. पूर्वा म्हणाली, सर्चच्या जाहिरातीत इमोजी चालत नाहीत हो. मी कुठली ऐकायला! दोनदा नामंजूर झाली, तिसऱ्यांदा कशी कोण जाणे सुटली.

आणि पूर्वाच्या लॅपटॉपवर दिसायला लागलं, रोज सकाळी सातला मुलुंडमधूनच कुणीतरी जाहिरात उघडतंय. अहो, माझे पाय जमिनीवर नव्हते. लता इथेच आहे असं धरून मी बाजारात प्रत्येक पोरीचं तोंड बघत फिरायचे. आठवड्याने पूर्वाने विचारलं, काकू, तुम्ही स्वतः तर जाहिरातीवर दाबत नाही ना? दाबत होते ना! आंघोळ झाली की मिरची जागेवर आहे का बघायला, रोज. माझंही मोजतात हे मला काय माहीत? म्हणजे ती मीच होते. इतकी रडले की पूर्वा घाबरली.

पुढे ती मिरचीही पकडली गेली, जाहिरात बंद, मग मिरची काढूनच चालू केली. आता साधीच आहे, घरगुती बिबड्या, मुलुंड. मला ती उघडून बघायला पूर्वाची बंदी. सकाळी हात जातो फोनकडे, मागे घेते.

तुम्ही लिहून घेताय ना, तर एवढं तिच्यासाठी लिहा. लते, मी चुकले गं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. जिथे असशील तिथे सुखात राहा. बिबड्या माझ्या नको असतील तर नको, कुणाकडच्याही खा, पण पोटभर खा.