मागच्या दाराची किल्ली

आगीपासून सुरक्षेचा दाखला मिळवायच्या रांगेत माझ्यापुढे दोन शिवण-कारखानदार होते, एक तरुण आणि एक म्हातारे.

“काका, आपलं सगळं नियमात आहे. वाळूच्या बादल्या, मागचं दार, सगळं.”

“दार उघडं असतं?”

“छे, कुलूप लावतो. तयार कपडे पाय फुटल्यासारखे जातात हो.”

“आत्ता आत किती जणी आहेत?”

“बावीस. त्यात माझी ताईही आहे.”

“आणि किल्ली?”

तरुणाने खिसा चाचपला.

“ही काय, माझ्याकडेच आहे.”

“जुन्या कारखान्याची माझ्याही खिशातच होती. तेव्हाही रांग इथवरच आली होती.”

“...काका, माझा नंबर धरता?”

“धरतो. तू नीघ.”