उगवतीचा माळ उघडाच राहू द्या

ऊसतोडीहून परतलेल्या आणि मागं राहून जनावरं जगवलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंच केसरबाई, व्यासपीठावरचे वनखात्याचे साहेब, दूध संस्थेचे सभासद आणि आज निवृत्त होणारे आपले वनरक्षक त्रिंबकराव,

आपलं दुखणं एकच आहे. शहरातला पाहुणा मोर बघायला आला की अभयारण्याचं फाटक उघडतं, आपली शेळी दिसली की मिटतं. हा राग माझ्याही पोटात आहे. पण त्या रागात आपण एका माणसावर अन्याय केला, आणि आज सत्काराच्या नावाखाली पुन्हा करायला निघालो आहोत. त्रिंबकरावांची आठवण म्हणून अभयारण्यातल्या उगवतीच्या माळावर हजार झाडं लावायची, असा आपल्या संस्थेचा ठराव आहे. सूचक मीच. उद्या सकाळी खड्डे सुरू होणार.

आठ वर्षांपूर्वी मावळतीच्या माळावर आपण असंच श्रमदान केलं होतं. गिरीपुष्पाची रोपं, हलगी, फोटो, सगळं झालं. तेव्हा त्रिंबकराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, इथं झाड नका लावू. मोराला झाडी वढ्याच्या काठाला हाय. हरणाला उघडं रान लागतं, लांडगा लांबून दिसाया पायजे."

मी काय केलं? चारचौघांत ओरडलो, "सरकारचा पगार खातो अन् झाडाला नको म्हणतो बे?" तुम्ही टाळ्या वाजवल्या.

मग लागोपाठ दोन दुष्काळ पडले. तुम्ही दसऱ्यानंतर कारखान्यांकडे गेलात. गावात उरली म्हातारी माणसं आणि उपाशी गुरं. गिरीपुष्पाच्या सावलीत गवताची काडी नव्हती. आमच्या साखराबाई, त्या पलीकडे बसल्यात, थेट संस्थेच्या दारात आल्या. म्हणाल्या, "आप्पा, तुमची झाडं म्हशीला दाखवून आले. ती म्हनली, आप्पालाच चारा!"

हसा, हसा. मी तेव्हा हसलो नव्हतो.

गवत उरलं होतं फक्त उगवतीला, जिथं आपलं कुदळ-फावडं पोचलं नव्हतं. ज्यांना आपण झाडांचा वैरी ठरवलं, त्या त्रिंबकरावांनी ते गवत आपल्याला कापू द्यावं म्हणून वर तीन अर्ज केले. तिसऱ्याला परवानगी आली. अट अशी: गुरं आत सोडायची नाहीत, बी गळल्यावरच विळा लावायचा आणि डोक्यावर भारा आणायचा. पहिल्या दिवशी ते स्वतः बायांच्या पुढे चालत होते. "ही पट्टी सोडा, रुक्मिणीबाई, इथं लावे अंड्यांवर बसत्यात." त्या गवतावर आपल्या गोठ्यातल्या दावणी भरलेल्या राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात हरणंही त्याच माळावर व्याली.

माणूस निवृत्त होतो, माळ होत नाही. ज्या जमिनीला त्यांनी जन्मभर उघडं राखलं, तिच्यावर त्यांच्याच नावाने खड्डे खणायचे? हा सत्कार आहे की सूड?

त्रिंबकराव, त्या दिवशी बोललो त्याची माफी मी चारचौघांतच मागतो, कारण बोललोही चारचौघांतच होतो. केसरबाई, तुम्ही वेळ दिलात, उपकार झाले. कुणाला शब्द लागला असेल तर आपल्याच घरातला म्हणून पोटात घाला.

संस्थेचे सगळे सभासद इथं हजर आहेत. उद्याचा ठराव रद्द करायला ज्यांची तयारी असेल, त्यांनी आत्ता, त्रिंबकरावांच्या डोळ्यांदेखत, हात वर करा.