आईच्या तव्यावरचा थेंब

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. गॅरेजमधलं जळकं ऑइल ते सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवून साफ करतात आणि ट्रॅक्टरच्या डिझेलात मिसळतात. ऑइलात पाणी राहिलं तर ट्रॅक्टरचा डिझेल-पंप बिघडतो, म्हणून आधी तापलेल्या तव्यावर थेंब टाकायचा. तडतडला की पाणी आहे. आज त्यांनी आईचा भाकरीचा तवा घेतला. थेंब गप्प राहिला. खुशीत त्यांनी तवा साबणाने लख्ख घासून ठेवला.

तव्यात मुरलेलं तेल साबणाने गेलं, आणि आता पहिलीच भाकरी चिकटली.

"तवा कुनी घासला गं?"

"मी न्हाई."

"मग बाबानं? त्यांनी जन्मात ताट न्हाई घासलं!"

बाबा कॅलेंडर वाचायला लागले. आई तवा हुंगायला लागली, तशी मी कळशी घेऊन इथे नळावर पळाले आणि बाबा गॅरेजात. तिला जर कळलं की त्या तव्यावर...

आलीच आईची हाक: "अगं ए! तव्याला ऑइलचा वास येतोय! बाबाला घिऊन हिकडं ये. त्यांचा साबनबी आन!"