डिकीतली माती

...नाही हो, "माती उन्हात ठेवली नव्हती, डिकीत ठेवली होती," असं वर तोंड करून सांगतात आमचे भाऊजी! ताईचा नवरा, सूत्रकृमींचा तज्ज्ञ. सूत्रकृमी म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे किडे. कुठल्या जमिनीत ते किती, याचा नकाशा करायचा होता. तुम्हाला सांगतो, टेकडी, कुरण, नदीकाठ, सगळीकडची माती पिशव्यांत भरली, डिकीत टाकली, गाडी रणरणत्या उन्हात, आणि हे झाडाखाली आडवे! घोरत! परतताना प्रयोगशाळेशेजारच्या नर्सरीतून शेवटची पिशवी घेतली, ती तेवढी ताजी, गारेगार... बाकीच्यांतले किडे केव्हाच भाजून मेलेले. कुठं तोंड लपवावं माणसानं?

पण तेव्हा कळलं कुठं? नकाशा झाला. सगळा पांढराफटक, आणि नर्सरीवर एकच लालभडक ठिपका! "किडीचं मूळ सापडलं!" भाऊजींनी भरसभेत जाहीर केलं, ताईनं टाळ्या वाजवल्या, आणि नर्सरीवाल्या बाईंकडे काळं कुत्रं फिरकेना. बाई बिचाऱ्या रोज रोपांना पाणी घालायच्या, फाटकाकडे बघायच्या...

मग भाऊजींच्या साहेबीणबाईंनी नकाशा पाहिला. "अख्ख्या टेकडीवर एकही कृमी नाही? माती आणलीत की राख? पिशव्या दुपारभर होत्या कुठं?"

भाऊजी बुटांकडे बघत पुटपुटले, "डि... डिकीत."

संपलं! पुन्हा माती आणली, या वेळी बर्फाच्या पेटीतून, तर काय? टेकडीवर किडे, कुरणात किडे, नदीकाठी तर नर्सरीहून जास्त! भाऊजी घरी येऊन ताईला म्हणाले, "चुकलंच गं माझं!" ताई म्हणाली, "मला नका सांगू. त्या बाईंना जाऊन सांगा." कुठं तोंड लपवावं माणसानं, घरातसुद्धा?

गेले. मान खाली घालून म्हणाले, "बाई, चूक माझी. तुमची माती निर्दोष आहे."

"मला काय सांगता? ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा!"

मग हे रविवारी फाटकावर उभे! बऱ्याच दिवसांनी एक आजोबा आले, गुलाबाचं रोप हातात घेतलं. भाऊजी धावलेच! "घ्या आजोबा, निर्धास्त घ्या! इथं आहेत तेवढेच किडे तुमच्या अंगणात, तुमच्या कुंडीत, या तुमच्या मुठीतल्या मातीतसुद्धा शेकडो!"

आजोबांनी रोप हळूच खाली ठेवलं, हात सदऱ्याला पुसले, आणि जे निघाले ते मागं वळून पाहिलं नाही हो!

बाईंनी हात जोडले. "साहेब, तुमची बदनामी परवडली... पण माफी आवरा!"